उतरती सीट

मंगळवारी सकाळी माझ्या हातातून कात्री पडली. ती निसटली असती तर निदान कळलं तरी असतं. कात्री बोटांत आहे असं धरून मी चालले होते आणि ती तिथे केव्हापासून नव्हती देव जाणे. फरशीवर खणकन आवाज झाला तेव्हा मला पत्ता लागला. खुर्चीत बँकेतल्या बाई बसल्या होत्या, दर दीड महिन्याने येणाऱ्या. "अगबाई, पायावर नाही ना पडली?" त्यांनी विचारलं. "नाही हो, हाताला क्रीम लागलंय," मी म्हणाले. क्रीम कुठलं आलंय डोंबलाचं! हात कोरडा ठणठणीत होता.

केस कापायची कात्री लोकांना वाटते तशी धरत नाहीत. वरच्या कड्यात अंगठा, खालच्या कड्यात अनामिका, आणि कड्याबाहेर एक छोटा आकडा असतो त्याच्यावर करंगळी. सगळा तोल त्या शेवटच्या दोन बोटांवर. सव्वीस वर्षं मी याच दोन बोटांवर घर चालवलंय. आणि गेले सहा आठवडे तीच दोन बोटं मुकी झाली होती. आधी मुंग्या यायच्या, रविवारी सायकल चालवून आलं की संध्याकाळपर्यंत. मग त्या सोमवारीही राहायला लागल्या. मग मुंग्याही गेल्या आणि काहीच उरलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला माहीत होतं काय आहे ते. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. जेवताना तिच्या हातातून चमचा पडला, आम्ही हसलो, ती पण हसली. आठव्या दिवशी उजवी बाजू गेली. पुढची चार वर्षं ती पलंगावर होती आणि तिचं बोलणं फक्त मला कळायचं. तेव्हा ती माझ्या आत्ताच्या वयाहून फक्त तीन वर्षांनी मोठी होती.

त्यामुळे माझं रोज सकाळी एक काम असायचं. दुकान उघडायचं, दार आतून लावायचं आणि आरशासमोर उभं राहून हसायचं. तोंड वाकडं होतंय का बघायला. मग दोन्ही हात वर करायचे, कुठला आधी खाली येतोय ते बघायचं. मग एक लांबलचक वाक्य मोठ्याने म्हणायचं. माझ्या दुकानात तीन आरसे आहेत, त्यामुळे तीन-तीन वेड्या बायका एकदम हसायच्या आणि हात वर करायच्या. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर गिऱ्हाईक परत आलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, नवऱ्याला का नाही सांगितलंस? तर ते सांगायला सायकलपासून सुरुवात करायला हवी.

माझा नवरा ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात होता, तपासणी विभागात. म्हणजे दिवसभर खुर्च्यांवर बसायचं आणि त्या कुठे टोचतात ते लिहायचं. हसू नका, मोठं काम आहे ते. माणसाच्या बुडाबद्दल त्यांना जितकं कळतं तितकं डॉक्टरलाही कळत नसेल. गेल्या वर्षी कारखाना बंद पडला. मग तीन महिने हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी मी जाताना भिंतीकडे, दुपारी येऊन पाहावं तर भिंतीकडे. बोललं तर "हं", नाही बोललं तर तेही नाही. तोंडाने कुणाला कडक शब्द बोलायचा नाही हा स्वभाव, त्यामुळे भांडून मोकळं व्हायची पण सोय नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते सायकलने. कारखान्यातल्या एका मित्राने आपली जुनी सायकल आणून दारात लावली आणि म्हणाला, "हिची सीट वाईट आहे, जरा बघ." बघ म्हटल्यावर आमचे साहेब उठले. सीट काढली, लावली, बसून पाहिलं, चालवून आणली. महिन्याभरात माझ्यासाठीही एक आली. मी सत्तेचाळीस वर्षांची, शाळेत असताना सायकल चालवलेली, तीही घंटा वाजवण्यापुरती. पण या माणसाच्या तोंडावर हसू दिसतंय म्हटल्यावर मी कशावरही बसले असते.

आणि खरं सांगू? मला आवडायला लागलं. रविवारी उजाडलं की निघायचं, नदीकाठच्या रस्त्याने बंधाऱ्यापर्यंत जायचं, तिथे चहा प्यायचा, परत यायचं. आठवडाभर दुसऱ्यांच्या डोक्यामागे उभं राहिल्यावर समोर नुसता मोकळा रस्ता असणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. सामानाचं तर विचारूच नका. हेल्मेट झालं, चष्मा झाला, पाण्याची बाटली झाली. मग आतून जाडजूड गादी शिवलेली चड्डी आली. पहिल्यांदा ती घालून मी खोलीत चालून दाखवलं तेव्हा आम्ही दोघं इतके हसलो की मी पलंगावर बसले, आणि बसल्यावर कळलं की गादी खरंच चांगली आहे.

फक्त सीट टोचायची. हे मी एकदा, फक्त एकदा बोलून गेले. झालं! शनिवारची संध्याकाळ म्हणजे माझ्या सायकलचा दवाखाना झाला. हे पाना घेऊन बसायचे. "खुर्चीची पुढची कड नेहमी उतरती हवी," मला समजवायचे, "नाहीतर मांडीच्या आत दाब येतो. पंचवीस वर्षं हेच तपासलंय मी." सीटचं नाक थोडं खाली केलं. पुढच्या रविवारी टोचणं कमी झालं. मी कौतुक केलं. पुढच्या शनिवारी आणखी थोडं खाली. मग हँडलला जाड मऊ मुठी आल्या. मग हातमोजे आले, तळव्याला जेल भरलेले. मग मनगटाचा पट्टा घट्ट करून दिला. मला हवं-नको विचारायचे नाहीत, आपले करत राहायचे, गुणगुणत. घरात गुणगुणणं ऐकून किती दिवस झाले होते!

मग या माणसाला मी सांगू काय? की तुमच्या बायकोची एक बाजू जाणार आहे, परत भिंतीकडे तोंड करा म्हणून? मी मूग गिळून गप्प बसले. बटणांचे शर्ट घालायचं सोडलं, डोक्यावरून ओढायचे घालायला लागले. चहाचा कप डाव्या हाताने धरायला लागले. दुकानात मोठे कट टाळून नुसते केस धुणं, रंग लावणं यावर भर दिला. एका मुख्याध्यापिकांचे पुढचे केस तिरके कापले गेले तर "हीच फॅशन आहे" म्हणून ठोकून दिलं. त्या बिचाऱ्या आरशात बघून "हो का?" म्हणाल्या आणि दोन आठवडे तसंच डोकं घेऊन शाळेत गेल्या.

कात्री पडली त्या मंगळवारी दुपारी मात्र मला दुसरंच निमित्त मिळालं. रविवारी उतारावर माझा ब्रेक लागेना. उजव्या हाताने दाबतेय, दाबतेय, आणि सायकल आपली चाललीय. डाव्याने कशीबशी थांबवली. मला वाटलं ब्रेक खराब आहे. हे घरी नसताना सायकल काढली, ढकलत चौकातल्या सायकलवाल्याकडे नेली. हा म्हातारा भयंकर तोंडाळ आहे. गिऱ्हाईकाला शिव्या घालतो आणि सायकलला 'बाळा' म्हणतो.

त्याने ब्रेक दाबून पाहिला. एका बोटाने.

"लोण्यासारखा चाललाय. यात काय खराब आहे?"

"घट्ट आहे हो. माझ्याने दाबवत नाही."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हात दाखवा," म्हणाला.

"हात कशाला? ब्रेक बघा ना."

"ब्रेक बघितला. आता हात."

मी हात पुढे केला. कुणी तरी पहिल्यांदा विचारत होतं. त्याने काळ्या बोटांनी माझी करंगळी धरली. म्हणजे धरलेली मला दिसली.

"ही आणि शेजारची. बाकीची बरी. बरोबर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डाव्यालाही मुंग्या येतात ना थोड्या?"

येत होत्या. मी कधी लक्षच दिलं नव्हतं, उजव्याच्या काळजीत. आईच्या डाव्या हाताला शेवटपर्यंत काही झालं नव्हतं.

त्याने गवंडी वापरतात ती पाणसळ काढली आणि माझ्या सीटवर ठेवली. आतला बुडबुडा धावत मागच्या टोकाला गेला. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. "ही सीट आहे का घसरगुंडी? अहो, यावर बसलेला माणूस सारखा पुढे सरकणार. मग स्वतःला मागे रेटायला सगळं अंग हातांवर टाकणार. तळव्याच्या या कडेला नस असते, ती चेचली जाते. त्यावर या जाड मुठी, त्यावर हे जेल, त्यावर करकचून पट्टा! मारायचंच होतं का त्या बोटांना? कुठल्या गाढवाने केलंय हे?"

"मीच केलं," मी म्हणाले. पटकन तोंडातून गेलं.

"मग स्वतःच्याच थोबाडीत दोन मारून घ्या, डाव्या हाताने. आणि आज डॉक्टरकडे जा. उद्या नाही, आज."

त्याने सीट सपाट करून दिली. मी सायकल ढकलत निघाले आणि कोपऱ्यावर वळल्यावर रस्त्यातच रडले. आईचं नव्हतं ते! तोंड वाकडं होणार नव्हतं, पलंग नव्हता, नुसती एक नस होती. लोक बघत होते, बघू देत म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र ते सुटकेचं रडू पुसून टाकलं. त्यांनी अंगठा आणि तर्जनीत एक कागद धरायला सांगितला आणि अलगद ओढला. कागद निघून गेला, मी सगळा जोर लावत असताना. मग त्यांनी माझा तळवा उलटा करून अंगठ्यामागचा भाग दाबून पाहिला, तिथे खळगा पडायला लागला होता. "सहा आठवडे थांबलात?" त्यांनी विचारलं, न रागावता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. तीन महिने सायकल बंद, कात्री बंद. पट्टी बांधली, व्यायामाचा कागद दिला.

"परत येईल ना पण?" मी विचारलं.

"बहुतेक येईल. पूर्ण येईल का, ते आज नाही सांगता येणार."

"म्हणजे कात्री?"

"ते बोटं सांगतील," त्या म्हणाल्या.

घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. सांगायचं की दारात हात अडकला. पट्टीचं कारण मिळालं, कात्री बंदचं कारण मिळालं. सीटचं नाव काढायचं नाही. ज्या माणसाने हौसेने, गुणगुणत, दर शनिवारी माझ्यासाठी पाना फिरवला, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुम्हीच केलंत म्हणून?

हे दारातच उभे होते, सायकलजवळ. पट्टीकडे त्यांनी पाहिलंच नाही. सीटकडे बघत होते.

"सीटला कुणी हात लावला?"

"ब्रेक दाखवायला नेली होती. त्याने केली असेल सरळ. आणि हे बघा ना, माझा हात दारात..."

"अगं, सरळ कशाला केली?" त्यांचा आवाज चढला. ह्यांचा आवाज! मी बघतच राहिले. "मी किती मोजून-मापून ती खाली आणली होती. तुझ्या हाताला त्रास होतोय म्हणून तर आणली होती!"

मी तिथेच पायरीवर बसले. "माझ्या हाताला?"

मग सगळं बाहेर आलं. मी सिग्नलला थांबले की हात झटकते, हे त्यांनी पहिल्याच रविवारी पाहिलं होतं. कप डावीकडे गेलेला पाहिला होता. बटणं गेलेली पाहिली होती. चमच्याची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती, माझ्या आईला उचलून बसवायला चार वर्षं तेच तर होते. मी दुकानात आरशात हसत होते तेव्हा हे घरी जेवताना माझं तोंड निरखत होते. रात्री मी झोपल्यावर माझा उजवा हात हलतोय का बघत होते. आणि मला विचारायची हिंमत नाही म्हणून दर शनिवारी सीट आणखी थोडी खाली करत होते, मुठी आणखी जाड करत होते, पट्टा आणखी घट्ट करत होते. निदान सायकलवर तरी हिला आराम पडू दे म्हणून.

"अहो, मग विचारलंत का नाही?" मी ओरडले.

"तू सांगितलंस का?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. सायकलवाला, पाणसळ, नस, कागद, तीन महिने. शब्द जपून वापरले, पण जपून वापरले तरी ते तेच होते. हे ऐकत राहिले. "म्हणजे मी जितकं केलं तितकं..." एवढं म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून आत गेले. रात्री जेवले नाहीत.

सकाळी मला जाग आली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

झोपलेले नव्हते, पाठीवरून कळतं मला. आठ वाजले, नऊ वाजले. दुकानाच्या दारावर 'बंद' अशी पाटी लावायची होती, तीही मला डाव्या हाताने लिहिता येईना, अक्षरं कुठल्या कुठे जात होती. भीतीने मला रडू येत नाही, राग येतो. मी आत गेले आणि पांघरूण ओढून खाली टाकलं.

"उठा. पडून राहायचं असेल तर माझं बोट जिवंत झाल्यावर राहा. डॉक्टरीणबाईंनी रोजची कामं दिलीत, ती मला एकटीला करता येत नाहीत. दुसरा माणूस लागतो. आता दुसरा माणूस मी कुठून आणू?"

मग ते उठून बसले. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी कागद त्यांच्या मांडीवर टाकला. त्यांनी चष्मा लावला आणि तपासणी विभागातल्या माणसाने वाचावा तसा तो वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि पुन्हा एकदा.

"डोळे मिटायचेत तुला," म्हणाले. "मी पेन्सिलीच्या टोकाने एकेका बोटाला स्पर्श करायचा. कळलं की सांगायचं. रोज लिहून ठेवायचं."

मी पट्टी सोडली आणि हात त्यांच्या मांडीवर पालथा ठेवला. डोळे मिटले. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"अंगठा," मी म्हणाले. बरोबर. "तर्जनी." बरोबर. "मधलं." ते प्रत्येक वेळी कागदावर खूण करत होते, आवाज येत होता. चौथ्या बोटाला मी थांबले. थोडं काहीतरी असल्यासारखं वाटलं, कडेला. "अनामिका," मी म्हणाले. खूण झाली.

मग करंगळी. मी वाट पाहिली. काही नाही. अजून काही नाही. आता नाही म्हटलं तर हा माणूस परत आडवा होणार, एवढंच मला दिसत होतं मिटल्या डोळ्यांनी.

"करंगळी," मी म्हणाले. "कळलं हं. चांगलं कळलं."

खुणेचा आवाज आला नाही.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मी अजून पेन्सिल लावलीच नाही."

मी डोळे उघडले नाहीत. उघडायची हिंमत नव्हती. त्यांनी माझा हात सोडला नव्हता, एवढं कळत होतं.

"लावा," मी म्हणाले. "आता खरं सांगते."